भारीट आणि उचंत खाते

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी संपत आला होता. आमच्या गल्लीतला कॉलेजात जाणारा एक मुलगा संध्याकाळी धापा टाकत जिना चढून वर आला आणि चपला काढण्याआधीच त्याने कॅमेरा माझ्यासमोर धरला. "काका, हा बघा. ह्याचं डोकं धड काळं नाही, धड तांबडं नाही!" कॅमेरा त्याच्या मामाचा, लग्नाचे फोटो काढण्यासाठी घेतलेला. पक्षी टिपला होता खानापूर तालुक्यातल्या एका शाळूच्या रानात. मी चष्मा बदलला आणि पडदा डोळ्यांजवळ नेला. कणसावर एक भारीट बसला होता. पोट पिवळे धमक, आणि डोक्यावर काळ्या व तांबूस रंगाची सरमिसळ.

दुसऱ्याच क्षणी माझ्या मनात ‘संकर’ हा शब्द उमटला, आणि तिसऱ्या क्षणी मी तो बोलून गेलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण पुढच्या पंधरवड्यात एका व्याख्यानात मी ही गोष्ट रंगवून सांगितली आणि एका छोट्या नियतकालिकात चक्क लिहूनही टाकली. ‘आपल्या जिल्ह्यात दोन जातींच्या संकरातून झालेला भारीट आढळला,’ असे माझ्या सहीनिशी छापून आले. ते विधान मी आज मागे घेत आहे. मात्र मागे घेण्याची दोन वाक्ये लिहून हे प्रकरण मिटवणे मला बरोबर वाटत नाही. चूक कशी झाली हेही सांगितले पाहिजे, कारण हल्ली रविवारी सकाळी कॅमेरे गळ्यात अडकवून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच घरांत ती होत असावी.

भारीट हे आमच्याकडचे हिवाळी पाहुणे. चिमणीहून थोडे मोठे, जाड चोचीचे, थव्याने येणारे आणि थव्यानेच ज्वारीच्या कणसांवर उतरणारे. शेतकऱ्याच्या भाषेत नुसती ‘पाखरं’. त्यात दोन जाती मुख्य. एक काळ्या डोक्याचा भारीट. नराचे डोके काळे, पाठ विटकरी, पोट पिवळे. तो आग्नेय युरोपपासून इराणपर्यंतच्या मुलखात वीण घालतो. दुसरा लाल डोक्याचा भारीट. त्याचे डोके आणि छाती तांबूस, पाठ हिरवट आणि तिच्यावर गडद रेघा. त्याचे माहेर मध्य आशिया. दोघेही थंडीत आपल्याकडे येतात आणि एकाच रानात दाणे टिपतात. माद्यांचे म्हणाल, तर दोन्ही जातींच्या माद्या इतक्या सारख्या मातकट, की चांगली चांगली पुस्तकेही त्या रानात ओळखता येतील अशी हमी देत नाहीत.

आता या दोन जातींचे मुलूख एकमेकांना भिडतात कुठे? कॅस्पियन समुद्राच्या आग्नेयेला, उत्तर इराणात. तिथे त्यांच्यात संकर होतो, हे काही आजचे संशोधन नाही. पालुदान या डॅनिश अभ्यासकाने १९४० मध्ये आणि हाफर या जर्मन अभ्यासकाने १९७७ मध्ये त्यावर लिहिले आहे. तिथल्या नरांत काळा आणि तांबडा हे दोन्ही रंग वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेले दिसतात. ही सरमिसळ पाहून काहींनी दोन्हींना एकच जात मानावे असेही म्हटले होते. तेव्हा इराणात जन्मलेला एखादा मिश्र पक्षी शाळूच्या दिवसांत सांगली जिल्ह्यात येऊन बसणे अशक्य मुळीच नाही. माझी चूक इथे नव्हती. जे अशक्य नाही ते घडलेच, असे मी धरून चाललो, इथे चूक झाली.

माझे लिखाण छापून आल्यावर महिनाभराने एका जाणकार गृहस्थांचे पत्र आले. भाषा अतिशय सौम्य होती. त्यांनी एवढेच विचारले होते, की पक्ष्याची पाठ दिसणारा फोटो आहे का, त्याच बैठकीतले बाकीचे फोटो आहेत का, आणि उजेड कोणत्या वेळचा होता? मी मुलाला बोलावून घेतले. तो खाली मान घालून म्हणाला, "काका, तुम्हीच म्हणाला होता, की चांगला तेवढा ठेव, बाकीचे पुसून टाक, कार्ड भरतंय." मी तसे म्हणालो होतो. त्याने पस्तीसएक फोटो काढले होते. उरले होते दोन, आणि दोन्ही समोरून.

त्यानंतर जे वाचन मी आधी करायला हवे होते, ते केले. भारिटाच्या डोक्यावरच्या नव्या पिसांना टोकाशी फिकट तपकिरी किनार असते. ती किनार झिजत जाते तसा खालचा काळा रंग उघडा पडतो. म्हणजे फेब्रुवारीतला काळ्या डोक्याचा नर हा निम्मा उघडलेला असू शकतो. त्या तपकिरी किनारीवर सायंकाळचा पिवळा उजेड पडला, की ती तांबूस दिसणारच. पहिल्या वर्षाचा तरुण नर असेल तर गोंधळ आणखी वाढतो. निर्णय व्हायचा तो पाठीवरून. पाठ निखळ विटकरी निघाली असती तर तो साधा काळ्या डोक्याचा भारीट. विटकरी आणि हिरवट यांचे मिश्रण, त्यात रेघा, अशी निघाली असती तर संशयाला जागा होती. आमच्याकडे पाठच नव्हती.

मी बँकेत होतो. नमुना सहीचे कार्ड हा आमच्या धंद्यातला देव. चेक आला की कार्ड काढायचे, सही ताडून पाहायची. शाखेत नवा अधिकारी म्हणून गेलो त्या वर्षी एका निवृत्त शिक्षकांचा चेक ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून मी परत केला होता. कार्डावरची सही वळणदार, चेकवरची वेडीवाकडी. दुसऱ्या दिवशी ते स्वतः मुलाच्या आधाराने शाखेत आले. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. सही त्यांचीच होती. पैसे औषधाचे होते. माझ्यापुढे बसून त्यांनी पुन्हा सही केली आणि एक शब्दही न बोलता फॉर्म पुढे सरकवला. ती शांतता मी अजून विसरलेलो नाही.

पक्ष्यांच्या पुस्तकातले चित्र हे नमुना सहीचे कार्ड असते. ते एका नराचे, ऐन विणीच्या हंगामातले, भर उजेडातले असते. जिवंत पक्षी मात्र वयाने बदलतो, ऋतूने बदलतो, आजारपणाने बदलतो. कधी पांगाऱ्याच्या किंवा काटेसावरीच्या फुलात चोच घालून आलेला असतो आणि कपाळावर परागांचा टिळा लागून तो भलताच दिसतो. एखाद्याच्या पिसांतला रंगच जन्मतः कमी असतो, आणि पांढरे ठिपके असलेला बुलबुल पाहून लोक नवी जात सापडली म्हणून फोन करतात. लाल गालाच्या शिपाई बुलबुलाच्या पिल्लाला गालावरचा लाल ठिपकाच नसतो, तेव्हा ते पोर ‘कुणाचे तरी मिश्रण’ ठरते. बाजारात विकायला आणलेल्या मुनिया रंगात बुचकळून काढतात, त्यातली एखादी सुटली तर विचारूच नका. आणि हल्लीच्या मोबाइलबद्दल काय बोलावे! तो फोटो काढून थांबत नाही, आपल्या मनाने तो ‘सुधारतो’ही. पिसांत नसलेली रेघ तो गुळगुळीत अंदाजाने भरून देतो. पूर्वी चेकवर खाडाखोड दिसली तर शेजारी पूर्ण सही लागायची. इथे खाडाखोड यंत्र करते आणि सही आपली.

आता कोणी म्हणेल, मग संकर होतच नाहीत की काय? होतात. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ दांपत्याने १९९२ मध्ये हिशेब मांडला, त्यानुसार पक्ष्यांच्या दहा जातींपैकी साधारण एका जातीचा दुसऱ्या कुठल्या तरी जातीशी संकर झाल्याची नोंद आहे. हा आकडा ऐकून माझ्यासारख्याला चेव येतो. पण हे प्रमाण जातींचे आहे, पक्ष्यांचे नव्हे. प्रत्यक्ष रानात दिसणाऱ्या पक्ष्यांत मिश्र पक्षी हजारात एकही निघत नाही. शहरातल्या निम्म्या सोसायट्यांत कधी ना कधी चोरी झाली, याचा अर्थ निम्मे रहिवासी चोर, असा होत नाही. मी बँकेत असताना ही चूक कारकुनालाही करू दिली नसती.

फोटोवरून खरा संकर उघडकीला आल्याची दोन उदाहरणे मला मोठी गोड वाटतात. अमेरिकेत पेन्सिल्वेनियात लोवेल बर्केट या हौशी निरीक्षकाला मे २०१८ मध्ये एक वॉर्बलर दिसला. रूप एका जातीचे आणि गाणे भलत्याच जातीचे. त्याने फोटो काढले, चित्रफीत काढली आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या अभ्यासकांना कळवले. डेव्हिड टोव्ज तिथून आले, पक्षी पकडला, रक्ताचा थेंब घेतला आणि पक्षी सोडून दिला. निकाल असा लागला, की पक्ष्याची आई मुळात दोन जातींचा संकर, आणि बाप तिसऱ्याच, चेस्टनट-साइडेड वॉर्बलर नावाच्या जातीचा. तीन जाती एका मुठीत मावणाऱ्या पाखरात! दुसरे उदाहरण टेक्सासमधले. सॅन अँटोनियोजवळ एका बाईंच्या अंगणात निळा जे आणि हिरवा जे यांच्यामधले काहीतरी दिसले. त्यांनी फोटो प्रसिद्ध केला. ब्रायन स्टोक्स या संशोधकाने २०२३ मध्ये तो पक्षी पकडून रक्त तपासले आणि २०२५ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. आई हिरवी, बाप निळा. या दोन जातींचे मुलूख पूर्वी एकमेकांपासून दूर होते. ते सरकत सरकत एकमेकांवर आले, तेव्हा ही सोयरीक जुळली.

दोन्ही ठिकाणी फोटोने फक्त दार ठोठावले. दार उघडले ते रक्ताच्या थेंबाने. आपल्याला ते शक्य नाही आणि शक्य नसावे हेच योग्य. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्षी पकडायला परवानगी लागते आणि ती रविवारच्या हौशीला मिळत नाही. सालीम अलींच्या बालपणी गोष्ट वेगळी होती. त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, ती कोणती हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवले, आणि त्या एका पीतकंठी चिमणीतून पुढचा सगळा इतिहास घडला. तेव्हा पक्षी हातात असायचा, उलटसुलट करून पाठ पाहता यायची. आपल्या हातात फक्त छबी असते. म्हणून तर ती अधिक प्रामाणिकपणे जपायला हवी.

या सगळ्याने बिघडते काय, असेही एका मित्राने मला विचारले. पाखराला तर काही फरक पडत नाही. खरे आहे. पण खोटी नोंद किती दूर जाते याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. तो गाणारा पक्षी नव्हे, घुबड आहे, तरी सांगतो. रानपिंगळ्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा. त्यानंतर १९१४ मध्ये गुजरातेत आपल्याला तो मिळाल्याचे कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांनी सांगितले आणि नमुनाही दाखवला. पुढे पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला, तेव्हा तो संग्रहालयातून लांबवून, पुन्हा पेंढा भरून, नवी चिठ्ठी लावलेला जुनाच पक्षी निघाला. मूळ नमुना जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने गोळा केलेला होता. याच डेव्हिडसनने वेंडन यांच्यासह १८७८ मध्ये आमच्या दख्खनच्या पक्ष्यांवर लेख लिहिला होता. खोटी चिठ्ठी बाजूला काढून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. ११३ वर्षांनी! माझी चूक आणि कर्नलसाहेबांची लबाडी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण नोंदवहीला हेतू दिसत नाही, तिला फक्त नोंद दिसते.

बिघडले ते आणखी एका ठिकाणी, आणि ते मला जास्त लागले. त्या मुलाने आपला फोटो कॉलेजात मिरवला होता. माझ्या लिखाणाचे कात्रण वहीत ठेवले होते. शंका निघाल्याचे कळताच पोरांनी त्याचे नाव ‘हायब्रीड’ ठेवले. आपल्याकडे हा शब्द किती झोंबतो हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. तिने दुष्काळी वर्षांत लोकांची पोटे भरली, पण तिच्या भाकरीला मालदांडीच्या भाकरीची चव नव्हती. तेव्हापासून ‘हायब्रीड’ म्हणजे दिसायला टपोरे आणि आतून बेचव. भाजी हायब्रीड, गाय हायब्रीड, पुढे पिढीच हायब्रीड. त्याच्याही मागे ‘संकर’ या शब्दाला आपल्या समाजात फार जुना आणि वाईट वास आहे. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला वर्णसंकराची भीती वाटते, आणि ती भीती आपण अजून लग्नाच्या बैठकीत घेऊन बसतो. मला कधी कधी शंका येते, की मिश्र पक्षी सापडल्यावर आपण जे इतके हरखतो, त्यात ज्ञानाची ओढ किती आणि दुसऱ्याच्या घरातली भानगड कळल्याचा आनंद किती? उत्तर इराणातल्या त्या भारिटाला आपण काही विपरीत केले, असे वाटत नाही. त्याला शेजारी जोडीदार मिळाला, त्याने घरटे बांधले. रेघ आपण ओढलेली असते. नावे तर बदलतच असतात. आमच्या इस्लामपूरचे नाव २०२५ मध्ये ईश्वरपूर झाले, पण माझ्या जुन्या पासबुकावर आणि जिभेवर अजून पहिलेच आहे, आणि स्टँडवरचा रिक्षावाला दोन्ही नावांना ओ देतो.

तेव्हा करायचे काय? आमच्या जमाखर्चात एक खाते असते, उचंत खाते. एखादी रक्कम आली, पण ती कोणाची, कशापोटी, हे कळत नसेल तर ती कुठल्याही खात्यात दडपायची नसते. उचंत खात्यात टाकायची, शेजारी तारीख आणि तपशील लिहायचा, आणि कागद हाती येईपर्यंत तिथेच राहू द्यायची. तपासनीसांना हे खाते आवडत नसे. वर्षअखेरीला ते फुगलेले दिसले की भुवया वर जात. म्हणून काही उत्साही मंडळी ताळा जुळवण्यासाठी रक्कम कुठेतरी खपवून टाकत, आणि मग पाच वर्षांनी ती भुतासारखी वर येई. मी माझ्या हाताखालच्या मंडळींना सांगत असे, की उचंत खाते मोठे असणे ही लाज नव्हे. पक्ष्यांबाबत मात्र मलाच त्याचा विसर पडला. ईबर्डसारख्या आजच्या सार्वजनिक नोंदवहीतही ‘काळ्या किंवा लाल डोक्याचा’ अशी अनिश्चित नोंद करण्याची सोय आहे. पण ती कोणी अभिमानाने दाखवत नाही. ‘जिल्ह्यातली पहिली नोंद’ असे म्हणण्यात जो रुबाब आहे, तो ‘ठरवता आले नाही’ यात नाही. त्या रुबाबापोटी लोक पक्ष्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवून त्याला झुडपाबाहेर काढतात, थवा उठवण्यासाठी खडे मारतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि मला ते शिकारीहून फार वेगळे वाटत नाही.

माझे मत असे झाले आहे, की वाईट फोटो पुसू नयेत. धूसर, पाठमोरा, पानाआड गेलेला, उडताना शेपटीच तेवढी आलेली, असा प्रत्येक फोटो राहू द्यावा. देखणा फोटो बहुधा आपल्याला हवे तेच सांगतो. शेजारच्या कणसावरचा साधा, ओळखीचा पक्षीही टिपावा, म्हणजे त्या दिवशीचा उजेड कसा होता हे कळते. वेळ, गाव, पीक लिहावे. सुधारलेला फोटो वेगळा आणि मूळ वेगळा ठेवावा. आणि माझ्यासारख्या केस पांढरे झालेल्या माणसाने पोराच्या उत्साहाला आपली सही देण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी.

घाई करायचे आणखीही एक कारण असते आणि ते मी नाकारत नाही. शाळूची राने कमी होत आहेत. वाळवा तालुक्यात तर नजर जाईल तिथे ऊस. पूर्वेकडे टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जतकडे पोचले, आणि पाणी आले की शाळूच्या जागी ऊस आणि द्राक्षे येतात. पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला, ‘तू भारिटांसाठी ज्वारीच पेर,’ असे सांगायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. पण काही वर्षांनी थवे कमी दिसले, तर पूर्वी काय होते हे आपण कशाच्या आधारे सांगणार? याच नोंदींच्या. त्या खोट्या असतील तर मोजायला पायलीच उरणार नाही.

तो मुलगा सात-आठ महिने कॅमेऱ्याला शिवला नाही. माझ्या घरी येईनासा झाला होता. गेल्या दिवाळीत मी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या आईवडिलांसमोर सांगितले, की चूक माझी होती, फोटो पुसायला मी सांगितले होते, आणि हे मी छापून आणणार आहे. तो काही बोलला नाही. त्याच्या आईने चिवडा पुढे केला.

या फेब्रुवारीत आम्ही दोघे एसटीने गेलो, त्याच शिवारात. अर्धे रान विकून झालेले, उरलेल्यात शाळू हुरड्याच्या पुढे गेलेला. बांधावर एक म्हातारी गोफण घेऊन बसली होती. भारीट शेकड्यांनी होते. काळ्या डोक्याचे पुष्कळ, लाल डोक्याचे तीन-चार आणि माद्या मोजायच्या पलीकडे. दहाच्या सुमारास त्याने माझा हात दाबला. तसाच एक. डोके धड काळे नाही, धड तांबडे नाही. या वेळी तो पुटपुटत होता, "वळ की रे, वळ," आणि पक्षी वळला, पण नेमका ताटाच्या पानाआड. पाठीचा चारेक बोटे भाग दिसला. विटकरी. कडेला थोडे हिरवट, की ती पानाची झाक? त्याने एकशे चाळीस फोटो काढले आणि एकही पुसला नाही. वहीत वेळ लिहिली, उजेड कुठून होता ते लिहिले, आणि जातीच्या रकान्यात ‘उचंत’ असे लिहून माझ्याकडे पाहिले.

म्हातारीला आम्ही इतका वेळ काय न्याहाळतोय याचे कोडे पडले होते. त्याने तिला समजावून सांगितले, की आजी, हा पक्षी दोन जातींमधला असेल, नसेलही, नक्की कळत नाही. तिने गोफणीत खडा घालता घालता नीट ऐकून घेतले.

"मंजी दोनीतला असला तर दाणं कमी खातो व्हय?" तिने विचारले.

"नाही आजी, तेवढेच खातो."

"मग सरका बाजूला," ती म्हणाली आणि गोफण फिरवली.